सगुणाची माती काही तयार होईना

एका तळ्याच्या काठी एक गाव होतं. गाव लहान होतं, पण तळं मोठं होतं, त्यामुळे गावालाही आपण मोठे आहोत असं वाटायचं. गावाच्या टोकाला म्हादू कुंभाराचं घर होतं. घरात म्हादू होता, त्याची चिमुकली लेक सगुणा होती आणि अंगणात एक जडशीळ चाक होतं. सगुणाची आई ती अगदी लहान असतानाच देवाघरी गेली होती.

त्या वर्षी म्हादू गाढवावरून पडला आणि त्याचा उजवा हात मोडला. चूक गाढवाची होती असं म्हादू सांगे. गाढवाचं म्हणणं वेगळं असावं, पण त्याला कुणी विचारलं नाही.

हात मोडला तो नेमका संक्रांतीच्या तोंडावर. संक्रांतीला घरोघरी सुगडं लागतात. सुगड म्हणजे इवलंसं मातीचं मडकं. त्यात लालचुटुक गाजराचे तुकडे, हिरवे हरभरे, टपोरी बोरं आणि उसाचे करवे भरून बायका ते एकमेकींना देतात. गावातली सगळी सुगडं म्हादूच्या घरून जात, आणि त्यांच्या बदल्यात सुपासुपाने मिळणाऱ्या धान्यावर बापलेक उन्हाळ्यापर्यंत जेवत. यंदा सुगडं झाली नाहीत तर धान्य नाही, आणि धान्य नाही तर घराला कुलूप लावून दूरच्या वीटभट्टीवर जायचं, असं म्हादूने ठरवून टाकलं होतं. सगुणाला वीटभट्टी माहीत नव्हती. पण तिथे तळं नाही एवढं तिला कळलं होतं.

मातीचं सगळं काम सगुणाला येत होतं. माती खणायची, वाळवायची, कुटायची, चाळायची, भिजवायची, पायांनी तुडवायची, हातांनी मळायची. फक्त चाकावर बसणं तिला माहीत नव्हतं. त्या घराण्यात मुलीने कधी चाकाला हात लावला नव्हता. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच तो नियम फार पक्का होता.

तरी सगुणाने मनाशी ठरवलं होतं की आपण बसायचं. माती तयार झाली की लगेच बसायचं.

पण माती तयार झाली हे ओळखायचं कसं, हा मोठा घोटाळा होता. एक शेजारीण म्हणाली, कणकेसारखी झाली की झाली. दुसरी म्हणाली, छे, लोण्यासारखी हवी. म्हादूला विचारावं तर तो खाटेवरूनच माती चिमटीत धरून बघे आणि म्हणे, अजून थोडी. सगुणा अजून थोडी मळे. मग तिला वाटे, चाळण्यातच काही राहिलं असेल, की ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. अशाने तिची माती रोज नवी होई आणि सुगड मात्र एकही होईना.

तळ्याकाठी करंजाची दाट सावली होती. सगुणा तिथे माती खणायला जाई. काठावर कुंभारीण माश्या येत. नाजूक कमरेच्या या माश्या चिखलाच्या गोळ्या उचलून नेतात आणि त्यांचं घर बांधतात. काठ वाळू लागला होता, म्हणून सगुणा त्यांच्यासाठी ओंजळीओंजळीने पाणी आणून एक कोपरा ओला ठेवी. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एका सकाळी त्या ओल्या कोपऱ्यातली एक माशी गर्रकन फिरली, सोनेरी धुळीचा भुरका उडाला, आणि समोर अंगठ्याएवढी परी उभी राहिली. तिचे पंखुले निळे-जांभळे लखलखत होते. झगा शेवंतीच्या पाकळ्यांचा होता. मुकुटावर दवाचे थेंबुटे चमचमत होते. आणि दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले होते. परीचे हात असे असतात हे सगुणाला नवीन होतं.

परी म्हणाली की तू आम्हाला पाणी दिलंस, आता तू काय मागशील ते मी देईन, पण त्याला नियम आहेत. पहिला नियम, तयार भांडं मागायचं नाही, भांड्यासाठी जे लागेल ते मागायचं. दुसरा नियम, दिलेल्या वस्तूतून सूर्य मावळायच्या आत एक तरी भांडं झालं पाहिजे, नाहीतर ती वस्तू परत जाईल. तिसरा नियम सांगताना परी अडखळली. ती बराच वेळ पंख खाजवत उभी राहिली. शेवटी म्हणाली की तिसरा बहुतेक पहिल्या दोहोंविषयीच आहे, तो आठवला की कळवीन.

सगुणाने बारीक चाळणी मागितली. परीने कोवळ्या उन्हाच्या धाग्यांनी विणलेली चाळणी दिली. तिच्यातून माती अशी भुरभुर गळली, जणू केशराचं पीठ. सगुणा हरखून गेली आणि दिवसभर चाळत बसली. दुपारी तिला शिंक आली आणि अर्धी माती आकाशात गेली. उरलेली तिने पुन्हा चाळली. सूर्य मावळला, तशी चाळणी विझली आणि चाळलेली मातीही तिच्याबरोबर गेली.

दुसऱ्या दिवशी तिने मळलेली मातीच मागितली. परीने मोरपिशी छटा मारणारा, रेशमासारखा मऊ गोळा दिला. सगुणाला तो इतका आवडला की ती त्याला आणखी मऊ करत राहिली. संध्याकाळी तिच्या हातात नुसती हवा उरली.

तिसऱ्या दिवशी तिने नवं चाक मागितलं. ते शिंपल्याच्या रंगाचं होतं आणि बोट लावताच भिंगरीसारखं फिरे. ते नीट बसावं म्हणून सगुणाने जमीन सारवली. सारवण वाळेना म्हणून ती वाट बघत बसली. सारवण वाळलं तेव्हा सूर्य बुडत होता.

त्याच संध्याकाळी सोनारांच्या वत्सलाकाकू आल्या. त्या भल्या बाई होत्या, पण त्यांच्या मागे गावातल्या साऱ्या बायका होत्या. बैलगाडी उद्या बाजाराला जाणार आणि तिथून सुगडं आणणार, असं ठरलं होतं. काकूंनी सगुणाच्या डोक्यावर हात ठेवला.

"उद्या संध्याकाळपर्यंत मी गाडी अडवून धरते, सगू. मला एक सुगड दाखव. ओलं का असेना, वाकडं का असेना. पण सुगड दाखव, माती दाखवू नकोस. माती मी पाहिली आहे."

म्हादू खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजला होता.

सकाळी सगुणा धावत तळ्याकाठी गेली. परी आपल्या घराची भिंत लिंपत होती. सगुणाने सांगितलं की आज तिला वस्तू नको. आपल्याला येईल अशी खात्री हवी, आणि हात थरथरता कामा नयेत. तेवढं दिलं की ती लगेच बसेल.

परी गोंधळली. तिने आपली पोतडी उघडली आणि पार उलटी केली. त्यातून काजव्यांचे दिवे पडले, फुलपाखरांची रंगपूड सांडली, एक इंद्रधनुष्याचा तुकडा घरंगळला. खात्री मात्र कुठेच नव्हती.

"ही माझ्याकडे कधी नव्हतीच, गं," ती म्हणाली.

"मग तुला कसं कळतं माती तयार झाली म्हणून?"

"मी कधी विचारलंच नाही. मी उचलते आणि लावते. पडली तर पुन्हा उचलते."

"आणि पुन्हा पडली तर?"

परीने खूप विचार केला. "तर मग मला वाटतं, त्या दिवशी मी पुष्कळ उचलते."

एवढं बोलून ती पुन्हा भिंत लिंपू लागली. सगुणाला यातलं निम्मंच कळलं. कोणतं निम्मं, तेही तिला नक्की सांगता आलं नसतं. पण ती तिथेच वाकली, तळ्याकाठची माती होती तशी उचलली, खड्यांसकट आणि मुळ्यांसकट, आणि घरी आणली. मोठे खडे वाटेतच काढले. पाणी घातलं, तुडवली, मळली. हात पुन्हा चाळणीकडे गेला, तो तिने मागे घेतला. मग ती चाकासमोर बसली.

चाक तिच्याने फिरेना. ते फार जड होतं. तिने काठी चाकाच्या खाचेत अडकवून सगळा जोर लावला, तेव्हा ते कण्हलं आणि थांबलं. सगुणाचे डोळे भरून आले.

खाट करकरली. म्हादू उठून आला. त्याने डाव्या हाताने काठी घेतली आणि चाकाला असा रेटा दिला की अंगण गरगरलं.

"हात ओले कर," तो म्हणाला.

पहिलं सुगड उभं राहिलं आणि बसलं. दुसरं भिंतीवर जाऊन आपटलं. त्यानंतरचं कशासारखं दिसत होतं ते सांगणं कठीण आहे. गाढवाने मात्र ते पाहून तोंड फिरवलं. सगुणा रडत होती आणि माती उचलत होती. म्हादू चाक फिरवत होता. मध्येच ती म्हणाली की आबा, माती बारीक चाळली असती तर बरं झालं असतं. तेव्हा म्हादू खाली बघत पुटपुटला की फार चाळलेली माती भट्टीत तडकते, थोडी रेती लागतेच.

"मग आधी का नाही बोललात?"

म्हादूने चाकाला रेटा दिला. मग म्हणाला, "तू चाळत होतीस तोवर चाकावर बसत नव्हतीस, पोरी. बसलीस आणि जमलं नाही, तर आशाच संपली असती, वीटभट्टीवर जावंच लागलं असतं. मी घाबरलो होतो."

सगुणा त्याच्याकडे बघत राहिली. आणि बघता बघता तिच्या बोटांखाली एक सुगड झालं. कुणाच्या लक्षातच आलं नाही. एका बाजूला कललेलं, पण पोट असलेलं, तोंड असलेलं, खरोखरचं सुगड.

वत्सलाकाकूंनी ते ओलं सुगड तळहातावर घेतलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, आणि गाडीचे बैल सोडायला सांगितलं.

मग सुगडांनी अंगण भरून गेलं. ती थंडीतल्या पिवळ्या उन्हात वाळली, आणि म्हादूने काटक्या-गोवऱ्यांची भट्टी रचून पेटवली. पहाटे निखारे गुलाबी झाले, तेव्हा त्यांतून परी वर आली. आता ती माशीएवढीही नव्हती, नुसती ठिणगी होती. ती एकेका सुगडाच्या काठावर बसली, आणि जिथे बसली तिथे डाळिंबाच्या कळीसारखा रंग उतरला. कललेली सुगडं तिने कललेलीच ठेवली.

सगुणाने विचारलं, तिसरा नियम आठवला का. परीने नाही म्हणून मान हलवली. ती हसतही असावी. मग पूर्वेला तांबडं फुटलं, ठिणगी त्या उजेडात मोठी मोठी होत गेली, आणि शेवटी उजेड कुठला आणि परी कुठली हे सांगता येईना.

संक्रांतीला त्या वाकड्या सुगडांतून घरोघरी हरभरे आणि बोरं गेली, आणि म्हादूच्या दारात धान्याची सुपं आली. घराला कुलूप लागलं नाही. सण सरल्यावर म्हादू एका सकाळी माती तुडवत उभा होता. त्याने विचारलं, "सगू, अजून थोडी तुडवू का?"

"पुरे झाली, आबा," सगुणा म्हणाली, आणि दोन्ही हात पाण्यात बुडवून चाकावर जाऊन बसली.