हेडरपाशी धरलेली उदबत्ती

"वाढवू का कमी करू, वस्ताद? एवढंच सांगा!"

गुलाब वस्ताद गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

"गाडी बंद कर."

"बंद करून काय कळणार? मीटर चालू गाडीलाच दाखवतंय ना!"

"बंद कर म्हटलं."

तेजपाल मगदूमनं चावी फिरवली आणि लॅपटॉप मांडीवर आपटला.

सकाळपासून हेच चाललं होतं. त्यांच्या बाजूलाच माझं डेंटिंगचं शेड आहे. दिवसभर पत्रा ठोकून माझं डोकं कधी दुखत नाही, पण त्या दिवशी दुखलं. घर्रर्र, फट्, फट्, बंद. परत घर्रर्र. शेवटी हातोडा टाकला आणि त्यांच्यात जाऊन बसलो. म्हटलं, निदान कशानं डोकं उठलंय ते तरी बघू.

तेजपाल वस्तादांचा पट्टशिष्य. पोरगं हुशार, पण हुशारीचा माज फार. वर्षभर झालं, वस्तादांच्या हाताला थरथर सुरू झाली होती. त्याआधी त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं शेवटचं इंजिन तेजपालच्या गाडीत बसवलं होतं. रविवारी घाटातली शर्यत होती आणि हे इंजिन घाट चढताना बघायचं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा राहिली होती. ते बिघडलं असतं तर दुसरं होणं नव्हतं. आमच्या लायनीतल्या प्रत्येक गॅरेजवाल्याला हे ठाऊक होतं.

आणि या पठ्ठ्यानं त्याला आदल्या दिवशी बाजारातला नवा हेडर लावला. हेडर म्हणजे इंजिनातला धूर बाहेर काढणारा चार नळ्यांचा पाइप. धूर मोकळा निघाला की इंजिनाला जोर येतो, पण मग धुरातली हवा मोजणारं मीटर बघत लॅपटॉपवरून पेट्रोलचं प्रमाण नव्यानं जुळवावं लागतं. ते काही जुळत नव्हतं.

"मीटर म्हणतंय पेट्रोल कमी पडतंय," तेजपाल म्हणाला. "म्हणून वाढवलं. तरी म्हणतंय कमी. अजून वाढवलं. तरी कमीच!"

"निवू दे."

"रविवारी शर्यत आहे, वस्ताद! निवू दे, निवू दे... सकाळपासून तुम्ही दुसरं काय बोललात?"

"सकाळपासनं तू दुसरं काय केलंस?"

तेजपालचं नाक फुगलं.

"प्लग काढ एक."

त्यानं धुसफुसत प्लग काढला. तव्याच्या बुडासारखा काळाकुट्ट.

"काळा कशानं हुतो?"

"पेट्रोल जास्त झालं की."

"आणि मीटर काय म्हणतंय?"

"कमी आहे म्हणतंय."

"मग?"

"मग... प्लग जुना असेल."

मी कपाळावर हात मारला. अरे, डोळ्यांसमोर काजळी दिसतेय आणि म्हणे प्लग जुना! पेट्रोल जास्त झालं की ते सिलिंडरच्या आतलं ऑईल धुऊन टाकतं, आणि मग इंजिनाची वाट लागते. हे मला पत्रा ठोकणाऱ्याला कळतं, ह्याला कळू नये?

"मीटर नवंकोरं आहे," तेजपाल म्हणाला. "ते खोटं बोलणार नाही."

"न्हाईच बोलत."

"मग खरं काय?"

वस्तादांनी बशी उचलली आणि ते उरलेला चहा प्यायला लागले...

आता मात्र मला म्हाताऱ्याचाही राग आला.

"सांगून टाका की, वस्ताद! का जीव खाताय पोराचा?"

"दादू, तुझा पत्रा पडलाय तिकडं," वस्ताद म्हणाले.

मी तरी जागचा हललो नाही.

तेजपालनं तेवढ्यात प्लग परत बसवला, पेट्रोल अजून वाढवलं आणि गाडी चालू केली. मागून भसकन काळा धूर आला. गॅरेजमध्ये पेट्रोलचा असा वास सुटला की डोळ्यांत पाणी आलं.

बशी खाली ठेवून वस्ताद उठले.

"बंद कर. ढकल भाईर."

आम्ही गाडी ढकलत करंजाच्या झाडाखाली नेली. वस्तादांनी पान्यांच्या फळीपुढल्या पुड्यातली एक उदबत्ती काढली. रोज सकाळी ते तिथं लावतात. ती पेटवून ते गाडीकडं निघाले.

"अहो, अहो, अहो!" मी ओरडलो. आधी पेट्रोलचा डबा उचलून लांब ठेवला, मगच माझ्या जिवात जीव आला. ह्या गुरू-चेल्याच्या नादात आमची लाइन जळायची एक दिवस.

"चालू कर."

इंजिन फटफटायला लागलं. वाऱ्यानं धूर हलू नये म्हणून रेडिएटरचा पंखा बंद होईपर्यंत वस्ताद थांबले. मग वाकले आणि हेडर इंजिनाला जिथं जोडलाय, तिथं उदबत्ती धरली.

धूर वेडावाकडा झाला.

"बघ."

"काय बघू?" तेजपाल म्हणाला. "हात थरथरतोय तुमचा. त्यानं हलतोय धूर."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्या हातानं हे इंजिन बांधलं, त्याच हाताला हे पोरगं असं बोललं! एक ठेवून द्यावी असं वाटलं. वस्तादांच्या तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही. त्यांनी उदबत्ती त्याच्यापुढं केली.

"तू धर. तुझा हात थिर हाय."

तेजपालनं ती घेतली. पहिल्या नळीच्या जोडापाशी धरली. धूर सरळ वर गेला. दुसऱ्या जोडापाशी धरली. सरळ. त्यानं माझ्याकडं बघून ओठ वाकडा केला.

तिसऱ्या जोडापाशी धूर फट्कन बाहेर उडाला. लगेच आत ओढला गेला. परत बाहेर, परत आत...

त्याचा हात जराही हलत नव्हता.

बोटांवर राख पडली, तरी त्याला कळलं नाही.

"इथनं बाहेरची हवा आत जातेय," तो हळूच म्हणाला. "पाइपात खाली बसवलेला मीटरचा सेन्सर तीच हवा मोजतोय. म्हणून मीटर म्हणतंय हवा जास्त, पेट्रोल कमी. आणि मी नुसतं ओततोय..."

वस्तादांनी खिडकीतून हात घालून चावी बंद केली.

ह्या गॅरेजचा एक नियम आहे. नवा पाइप बसवला की गाडी एकदा तापवायची, मग पार गार होऊ द्यायची आणि सगळे नट परत आवळायचे. तापलं की मधलं पॅकिंग दबतं, नट सैल पडतात. इथं येणाऱ्याला पाना हातात द्यायच्या आधी हे शिकवतात. तेजपालनं स्वतः चार पोरांना शिकवलं होतं. पण त्याला लॅपटॉप उघडायची घाई! नट आवळले ते एकदाच. आणि सकाळपासून गाडी थंड म्हणून होऊ दिली नाही.

त्यानं झटकन पाना उचलला. वस्तादांनी त्यावर हात ठेवला.

"निवू दे."

ह्या वेळी त्यानं पाना खाली ठेवला. तिथंच बंपरला पाठ टेकून मातीत बसला. वस्ताद खुर्चीवर बसले. मीही बसलो, पत्रा गेला खड्ड्यात. करंजाची सावली सरकत शेडच्या भिंतीवर चढली. मधे तेजपाल एकदा उठला आणि वस्तादांसाठी गरम चहा घेऊन आला.

मग त्यानं पाइपाला हाताची पालथी बाजू लावून बघितली. लावून ठेवता आली.

तिसऱ्या नळीच्या नटाला पाना लावला तर तो सहज फिरला. एवढा सैल! तेजपालनं मान खाली घातली. बाकीचेही एकेक करून त्यानं आवळले. प्लग पुसून बसवले. लॅपटॉपवरचे सकाळपासूनचे सगळे आकडे पुसून वस्तादांनी जुळवून दिलेले पहिले आकडे भरले आणि चावी फिरवली.

फटफट गेली होती. नव्या हेडरला हवं तेवढं अगदी किंचित पेट्रोल त्यानं वाढवलं, आणि इंजिन असं एकसुरात घुमायला लागलं की माझी डोकेदुखी तिथंच थांबली.

तेजपालनं नवी उदबत्ती पेटवली आणि दोन्ही हातांनी वस्तादांपुढं धरली.

"वस्ताद... एकदा तुम्ही बघा."

वस्ताद वाकले. पहिला जोड, दुसरा जोड करत त्यांनी उदबत्ती तिसऱ्या जोडापाशी नेली.

धूर हलला.

तेजपाल धडपडत पान्याकडं धावला.

"ठेव त्यो," वस्ताद म्हणाले. "ह्यो माझा हात हाय."