कारणं आणणारा शिपाई

आंबेटाकळी गावच्या हायस्कुलात रंभाजी नावाचा एक भोळा शिपाई होता. सांगितलेलं काम तो जीव ओतून करायचा. सगळी पंचाईत तिथेच होती.

नववीची पोरं फार दांड्या मारत. शुक्रवारी तपासणीला साहेब यायचे होते. वर्गात पंधरा पोरं दिसली नाहीत तर नववी बंद, आणि गावच्या पोरी कायमच्या घरी. हेडमास्तर कुलथेसरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी रंभाजीला घरोघरी पाठवलं, पालकांना कारण विचारून ये म्हणाले.

पहिल्या घरी सरोजची आई म्हणाली, पोरगी शेळ्या राखते. रंभाजीने तसं येऊन सांगितलं. सर म्हणाले, "अरे, तिचं काम घटकाभर तू करायचंस आणि तिला शाळेत धाडायचं."

"बरं सर."

दुसऱ्या घरी बाळकू तापाने फणफणला होता. रंभाजीने त्याला उठवून शाळेत धाडलं आणि स्वतः त्याची गोधडी पांघरून झोपला. औषधसुद्धा पिऊन टाकलं. सरांनी कपाळावर हात मारला. "अशा पोराला निजवून ठेवायचं. उठू द्यायचं नाही."

"बरं सर."

तिसऱ्या घरी सुदामचा शर्ट फाटला होता. रंभाजीने धडधाकट सुदामला निजवलं आणि वर दोन गोधड्या घातल्या. सर म्हणाले, "अरे, तो शर्ट इकडे आणायचास. शिवून दिला असता. कारण काय असेल ते इथे आण, पुढचं मी बघतो."

"बरं सर."

शुक्रवारी उजाडताच रंभाजी निघाला. सरांचे सगळे हुकूम लक्षात ठेवून त्याने घरोघर पोरं निजवली आणि कारणं तेवढी शाळेत आणली.

साहेब वर्गात आले. पहिल्या बाकापाशी सात शेळ्या. दुसऱ्या बाकावर एक खोकणारी आजी, तिच्या मांडीवर कुणाचं तरी तान्हं बाळ. खिडकीखाली काढणीचा कांदा. मधल्या बाकावर गणिताचे मास्तर मान खाली घालून बसलेले. ते मारतात, असं तीन आयांनी सांगितलं होतं.

पोर एकही नाही. साहेबांनी हजेरीत शून्य मांडलं. कुलथेसर एकटेच शेळ्या बाहेर हाकू लागले. त्यांची खरंच कीव येत होती.

शेवटच्या बाकावर रंभाजी हाताची घडी घालून बसला होता. साहेबांनी विचारलं, "आणि तू कोण?"

रंभाजी अदबीने उभा राहिला.

"मी बी कारणच हाय, सायेब. पाटलाच्या वाडीवरली बाई म्हणाली, पोरगी कवाची दप्तर घेऊन तयार हाय, पण ह्यो शिपाई तिला उठूच देईना."