पुलावरून निघालेले बिऱ्हाड

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा गावाची ओळख त्याच्या नदीवरून सांगत. ही गोष्ट लहानांनी मांडी घालून ऐकावी, आणि मोठ्यांनी आपले काम करता करता का होईना, ऐकावी.

एका रुंद नदीच्या काठी एक लहानसे गाव होते. नदीचे पाणी खाली खोल, म्हणून उन्हाळ्यात वर गावात पाण्याची ओरड असे आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. वाटसरू यायचा, पिंपळाखाली शिदोरी सोडायचा आणि मुक्कामाला पुढच्या गावी निघून जायचा.

मग या गावाला सुभानराव नावाचा पाटील मिळाला आणि त्याच्या जोडीला चार पंच मिळाले. चावडीवर बसून नुसत्या सुपाऱ्या कातरणारी ही माणसे नव्हती. त्यांनी आधी तळे खोदले. मग पेठेच्या रस्त्याला फरशी घातली. वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधली आणि तिच्या ओसरीत पाण्याचे रांजण भरून ठेवले. आठवड्याचा बाजार भरू लागला, तेव्हा व्यापाऱ्यांना बसायला दगडी ओटे केले. बाजार वाढला तसे दूरचे विणकर येऊन राहिले, त्यांच्या मागून तांबट आले, आणि दिवसभर गावात मागाचा आणि हातोडीचा आवाज येऊ लागला.

एवढे झाले तरी एक मोठे काम बाकी होते. नदीवर पूल नव्हता.

नदी ओलांडायची तर गोंदाच्या नावेतूनच. गोंदा नावाडी मोठा अबोल माणूस. त्याच्या बापाने हीच नाव चालवली होती, आज्यानेही. गाव त्याला सुगीच्या वेळी घरोघरचे धान्य देई आणि त्यावर त्याचे नि त्याची बायको सगुणा हिचे वर्ष निघे.

पंचांनी पूल बांधायचे ठरवले. पण दगडाची खाण पलीकडच्या टेकडीत, आणि पाथरवट अलीकडच्या काठावर. चिरे आणायचे कसे? अर्थातच गोंदाच्या नावेतून. पाटलाने सांगितले आणि गोंदाने मान हलवली. उन्हाळाभर तो चिरे वाहत राहिला. नाव पाण्यात काठोकाठ बुडे, हाताला फोड येत.

एकदा सगुणा भाकरी घेऊन काठावर आली. चिऱ्यांची रास बघून म्हणाली, “अहो, हे दगड कशासाठी वाहताय, कळतंय ना?”

“कळतंय,” गोंदा म्हणाला. “गावाचं काम आहे. नाही कसं म्हणू?”

पूल झाला. मोठा देखणा झाला. गावाने गूळखोबरे वाटले, ढोल वाजवले. पंचांना हार घातले, पाथरवटांना पागोटी बांधली. गोंदाही गर्दीत उभा होता. त्याला कुणी मुद्दाम विसरले नाही. आनंदाच्या भरात राहून गेले, एवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोंदा सवयीने नावेत जाऊन बसला. वरून पुलावरून बैलगाड्या गेल्या, शेळ्या गेल्या, बाजाराला निघालेल्या बाया गेल्या. कुणी हात केला, कुणी हाक मारली. नावेत मात्र कुणी आले नाही. असे दिवसामागून दिवस गेले. सुगी आली. गोंदा रीतीप्रमाणे घरोघर गेला. कुणी वाईट बोलले नाही. “यंदा नावेची गरज कुठं पडली रे?” एवढेच लोक म्हणाले, आणि त्यांचेही चुकले नव्हते. एका बाईने खाली बघत सूपभर बाजरी त्याच्या धोतराच्या सोग्यात घातली. त्या सूपभर बाजरीने त्याला रिकाम्या हातांपेक्षा जास्त लाज वाटली.

इकडे सुभानराव पाटलाच्या मनात शेवटचे एक काम होते. गावाला वेस नव्हती. पुलाच्या तोंडाशी उंच दगडी वेस उभी करायची, आणि तिच्या कमानीवर पाटील आणि चार पंच अशा पाचही जणांची नावे कोरायची. कामे केली त्यांनी, नाव राहावे असे वाटण्यात चूक ती काय? चिरे घडवून तयार झाले होते. पाथरवटाने एका चिऱ्यावर ‘सुभानराव’ अशी अक्षरे कोरूनही ठेवली होती.

वेशीची जागा बघायला पाटील एका सकाळी पुलापाशी आला, तर समोरून गोंदा आणि सगुणा येत होती. गोंदाच्या डोक्यावर गाठोडे होते आणि सगुणाच्या कडेवर जाते.

“सगुणाबाई, सकाळी सकाळी माहेरी का?” पाटलाने विचारले.

“माहेरी जाताना कुणी जातं उचलून नेतं का, पाटील?” सगुणा म्हणाली. “खाली संगमावर अजून नाव चालते म्हणतात. तिकडं बघतो काही मिळतं का.”

“आणि तुझी नाव रे गोंदा?”

“काठावर ठेवलीय. कुणाला सरपणाला लागली तर न्या म्हणावं.”

पूल झाल्यापासून पाटलाने या पुलावरून माणसे गावात येतानाच पाहिली होती. गाव सोडून जाणारे हे पहिले बिऱ्हाड होते, आणि ज्याने पुलाचे चिरे वाहिले त्याचेच होते.

“आजचा दिवस धर्मशाळेत थांबा,” तो म्हणाला. “एवढं माझं ऐका.”

त्याने लगेच चावडीवर पंचांना बोलावले. सगळ्यांत वडील पंच होते नागोजीबुवा. ते म्हणाले, “पाटील, वाईट मलाही वाटतं. पण काम म्हटलं की कुणाचं ना कुणाचं जायचंच. आज नावाड्याला दिलं तर उद्या हमाल येतील, परवा गाडीवान येतील. कुणाकुणाला पुरायचं?”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. तरी हात हलवत कसे पाठवायचे, म्हणून ज्वारीची पोती द्यायचे ठरले. कोतवाल बैलावर पोती लादून धर्मशाळेत गेला. थोड्या वेळाने ती तशीच परत घेऊन आला.

“घेतली नाहीत,” तो म्हणाला. “उलट परत लादायला त्यानंच मला हात दिला. म्हणाला, पाटलांना सांग, राग नाही. पण हे घेऊन मी गावात राहिलो, तर मला मान वर करून चालता येणार नाही.”

पाटील उठला. कुणाला बरोबर न घेता धर्मशाळेत गेला आणि ओसरीच्या पायरीवर, गोंदाच्या शेजारी बसला.

“माझं चुकलं कुठं, ते तरी सांग,” तो म्हणाला.

गोंदाने शेजारचे गाठोडे बाजूला सरकवले. मग म्हणाला, “पाटील, पूल बांधायच्या आधी मला विचारलं का नाही?”

“विचारलं असतं तर काय म्हणाला असतास? बांधू नका?”

“बांधा, असंच म्हणालो असतो. पुराच्या वेळी अडलेली बाळंतीण या काठावर तळमळताना मी बघितलीय. नाव घालता येत नव्हती. पूल हवाच होता.” तो पाटलाकडे वळला. “पण मग माझं काय, हेही त्याच दिवशी बोललो असतो. तुम्हीही काही म्हणाला असता. आता सगळं होऊन गेल्यावर पोती पाठवलीत.”

पाटलाने मान खाली घातली. एवढी कामे केली, पण ‘यात तुझं काय होईल?’ हा एक प्रश्न कुणालाच विचारला नव्हता, हे त्याला त्या पायरीवर बसून पहिल्यांदा कळले.

“तेव्हा विचारलं नाही,” तो म्हणाला, “आता विचारतो. काय करता येईल?”

गोंदाने हात पसरले. “मला नाव चालवण्याशिवाय काही येत नाही.”

तेव्हा आत चूल पेटवत बसलेली सगुणा बाहेर आली. “मी बोलू का?” ती म्हणाली. “वरच्या अंगाला नदीच्या वाळूत टरबुजाच्या, काकड्यांच्या वाड्या आहेत. तिथला माल आपल्या बाजारात डोक्यावरून येतो. निम्मा वाटेतच फुटतो. पूल त्यांच्या काय कामाचा? आजवर आपली नाव आडवी चालली. ती लांबीनं चालली तर? येताना भरली नाव पाण्याबरोबर येईल, जाताना रिकामी न्यायची.”

गोंदाने विचार केला. “चालेल. पण माल चढवायला-उतरवायला धक्का लागेल. तिथंही, इथंही. काठ नुसता चिखलाचा आहे. एवढा घडीव दगड आणायचा कुठून?”

घडीव दगड कुठे होता, ते पाटलाला माहीत होते. चिऱ्यांची रास त्याच्या डोळ्यांसमोर आली, तिच्यातली ती अक्षरेही आली. त्याने डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा त्याचे ठरले होते.

“दगड आहे,” तो म्हणाला. “वेशीचा आहे. वेस राहू दे.”

चावडीवर पुष्कळ कुरकुर झाली. नागोजीबुवा तर रुसून घरी गेले आणि सकाळी आपणहून परत आले. येऊन म्हणाले, “बरं, होऊ दे. पण नाव कोरलेला चिरा तेवढा बाजूला ठेवा.”

“तो सगळ्यांत खालच्या पायरीला घाला,” पाटील हसून म्हणाला. “ओझं घेऊन येणाऱ्याला पाय टेकायला होईल.”

धक्के बांधले गेले. पहिल्या वर्षी गोंदाची नाव निम्मी रिकामीच आली. वाडीवाल्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र टरबुजांनी भरलेली नाव दिसली की बाजारातली माणसे धक्क्याकडे धावू लागली. गोंदाला मदतीला आणखी माणसे ठेवावी लागली, आणि वरच्या गावांचे लाकूड, मडकी, मध असा नवा नवा माल येऊ लागला. बाजार पूर्वीपेक्षा मोठा झाला.

पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे.

पाटलाने चावडीवर एक नवी रीत घातली. कोणतेही काम काढले की कुदळ मारण्याआधी गावाला जमवायचे आणि मोठ्याने विचारायचे, “यात कुणाचं काही जातंय का?” पहिल्यांदा विचारले तेव्हा कुणी तोंड उघडले नाही. लोकांना सवय नव्हती. दुसऱ्यांदा लोक एकमेकांकडे बघून हसले.

मग तळ्याचे पाणी पाटाने गल्लीगल्लीत न्यायचे ठरले. पाटलाने विचारले, तेव्हा अगदी मागच्या रांगेतून एक म्हातारा पखालवाला उठला. घरोघर पाणी घालून त्याने आयुष्य काढले होते. “माझं जातंय,” तो म्हणाला. एवढे बोलून खाली बसायला लागला.

नागोजीबुवांनी आपली बैठक सरकवून त्याला जागा केली. “तिथं नको, इथं येऊन बस,” ते म्हणाले, “आणि नीट सांग. त्याशिवाय पुढचं ठरायचं नाही.”

म्हातारा पुढे येऊन बसला, आणि सांगू लागला.

तात्पर्य: गावाच्या भल्याच्या कामात ज्याचे नुकसान होणार, त्याला आधी विचारावे आणि बरोबर घ्यावे, तरच ते काम सगळ्या गावाचे होते.