धर्मशाळेचं मागचं दार

डोंगरांपलीकडच्या एका नगरात, फार वर्षांपूर्वी, लहान मुलांचा एक मोठा दवाखाना होता. तिथले वैद्य इतके नावाजलेले, की दूरदूरच्या मुलखांतून आईबाप आजारी लेकरांना घेऊन येत. मूल दवाखान्यात राही. आईबापांना मात्र सकाळ-संध्याकाळ भेटण्यापुरतीच आत मुभा होती.

त्यांच्यासाठी भागीरथीकाकूंनी शेजारीच एक धर्मशाळा बांधली होती. काकूंचं स्वतःचं मूल याच दवाखान्यात दगावलं होतं, आणि तेव्हा त्यांना टेकायला कुणाची ओसरीसुद्धा मिळाली नव्हती. आता त्यांच्याकडे येईल त्याला खोली, चूल, सरपण, धान्य सगळं फुकट मिळे.

काकूंचा एक नियम मात्र होता आणि तो त्या कुणाला सांगत नसत. ज्याचं मूल दगावेल, त्याला त्या मागच्या दाराने गुपचूप वाटेला लावत. बाकीच्यांना म्हणत, "त्यांचं मूल बरं झालं. घरी गेले ते." आत थांबलेल्यांचा धीर सुटू नये, एवढंच त्यांच्या मनात असे.

एका हिवाळ्यात सगुणा आणि तिचा नवरा भिवा आपल्या तापाने फणफणलेल्या मुलीला घेऊन आले. शेजारच्या खोलीत हौसा होती. तिचा मुलगा दवाखान्यात होता आणि नवरा गावी धाकट्या लेकरांपाशी. दोघी एकाच चुलीवर भाकरी भाजत. एकीला घास गिळवला नाही, तर दुसरी तिच्यापाशी बसून भरवी.

एके दुपारी हौसाचा मुलगा गेला.

काकूंनी तिला मागच्या दाराशी नेलं, हातात शिदोरी दिली. "ओढा ओलांडेपर्यंत रडू नकोस, बाई. आतल्यांची लेकरं अजून झुंजतायत."

"सगुणेला सांगून जाते," हौसा म्हणाली.

"नको. तिचं काळीज फाटेल."

हौसा गेली. काकूंनी सगुणेला सांगितलं, की हौसाचा मुलगा बरा झाला. ती हसली, मग म्हणाली, "मला न भेटताच गेली होय?"

दोन दिवसांनी सगुणा धुणं घेऊन ओढ्यावर गेली. पलीकडच्या काठावर मातीच्या एका लहान ढिगाऱ्याशी हौसा बसली होती. केस विस्कटलेले, शिदोरी तशीच बांधलेली.

"त्याला इथं एकटं टाकून कशी जाऊ?" हौसा म्हणाली. "आणि घरी जाऊन सांगू काय?"

सगुणेने तिला कुशीत घेतलं. मग उठवलं आणि धरून समोरच्या दाराने धर्मशाळेत आणलं. अंगणात बसलेले सगळे बघत राहिले. 'बरे होऊन घरी गेलेले' सगळे एकेकाला आठवू लागले.

काकू खाली मान घालून म्हणाल्या, "तुमच्या भल्यासाठीच केलं मी."

दुसऱ्या दिवशी त्याच काकू धावत आल्या. "सगुणे, तुझ्या मुलीचा ताप उतरला. पेज मागतेय ती."

सगुणा पांढरीफटक पडली. ती मुलीचे कपडे गोळा करू लागली.

"अगं, खरं सांगतेय."

"हौसाचंही असंच सांगितलं होतं तुम्ही."

भिवा तिला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेला. वाटेभर ती मुलीचं नाव पुटपुटत होती. आत मुलगी खरंच उठून बसली होती, ओठांना पेज लागली होती. सगुणेने तिला कवटाळलं, पण बराच वेळ तिला हुंदके आवरेनात.

काकूंनी ते पाहिलं. आयुष्यभर दिलेला धीर एका वाक्यात फुकट गेला होता. त्यांनी मागचं दार दगडमातीने बुजवून टाकलं. पुढेही त्या घरात लेकरं गेल्याच्या बातम्या येतच राहिल्या. पण ज्याचं मूल जाई, त्याच्याभोवती आता सगळे बसत. त्या दिवशी कुणाचीच चूल पेटत नसे.

सगुणा निघाली तेव्हा हौसाही निघाली. तिघांची वाट बरीच एक होती. भिवाच्या खांद्यावर मुलगी झोपली होती. हौसा रिकाम्या हातांनी मागून चालत होती. सगुणा थोडी मागे राहिली आणि हौसाच्या बरोबरीने चालू लागली.

तात्पर्य: इतरांचा धीर टिकावा म्हणून एकाचं दुःख लपवलं, तर तो एकटा पडतो आणि बाकीच्यांचा खऱ्या आनंदावरचाही विश्वास उडतो.