बिळाचा मालक

मंडळी, एक सांगा. विश्वास कोणावर ठेवावा? जो म्हणतो, ‘माझ्या घराला कुलूप आहे, त्यामुळे काळजी नाही’, त्याच्यावर? की जो म्हणतो, ‘चला, दार उघडून बघू’, त्याच्यावर? उत्तराची घाई नको. आधी एका पेठेतली गोष्ट ऐका.

एकदा एक वृद्ध व्यापारी आपल्या शिष्याला व्यवहार शिकवत होता. शिष्य हुशार. माल पारखण्यात तरबेज, बोलण्यात गोड, आणि सौदा करताना समोरच्याला पाणी पाजणारा. लौकरच त्याने पेठेच्या मागच्या गल्लीत एक घर विकत घेतलं. चांगलं भाडं देणारं बिऱ्हाड मिळेपर्यंत ते रिकामंच ठेवायचं, असं त्याने ठरवलं. रिकामं म्हणजे माणसांपुरतं रिकामं. आत त्याने सरकीची पोती छतापर्यंत रचली आणि दाराला भलंमोठं कुलूप ठोकलं.

त्या घराच्या भिंतीला लागून तुळसाक्का विणकरणीचं घर होतं. तिचा माग जमिनीतला. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, खालच्या पावड्या दाबायच्या आणि वर धोटा फेकायचा, अशी ती लुगडी विणत असे. तिच्या सासूनेही त्याच खड्ड्यात पाय सोडून जन्म काढला होता. पण घराला कुलूप लागलं आणि थोड्याच दिवसांत त्या खड्ड्यातून उंदीर वर येऊ लागले. ताण्याच्या, म्हणजे मागावर ताणून बसवलेल्या उभ्या सुताला भाताची खळ दिलेली असते. उंदरांना ती पक्वान्नासारखी लागली. सकाळी उठून बघावं तर मागावर नुसते तुटलेले धागे लोंबताहेत.

तिने बिळं बुजवली. ती पुन्हा उघडली. मांजर आणली. अखेरीस ती शिष्याच्या दुकानात गेली.

“शेटजी, तुमच्या घरात उंदीर झालेत. ते माझा ताणा खातात. जरा दार उघडून बघा.”

शिष्य हसून म्हणाला, “आक्का, दिसतात तुमच्या घरात आणि म्हणता माझे? एक मांजर पाळा.”

“पाळलीय की. मांजर माझी आणि उंदीर तुमचे, अशी वाटणी झालीय आपली.”

दुकानातले दोघे-तिघे हसले. शिष्याला ते लागलं. तो जरा आवाज चढवून म्हणाला, “हे बघा, बैल दुसऱ्याच्या पिकात शिरला तर मालकाला धरतात, बैल कोंडवाड्यात घालतात. उंदराला कोणी मालक असतो का?”

तुळसाक्का म्हणाली, “मग मी खड्डा बुजवते नि भावाच्या गावी जाते. माग काही डोक्यावर घेऊन जाता येत नाही. तिथं जाऊन कुणाची तरी धुणीभांडी करीन.” आणि ती निघाली.

उंदराला मालक नसतो. शिष्याला स्वतःचं हे वाक्य फार आवडलं. त्याने ते गुरूलाही ऐकवलं. वृद्ध व्यापारी म्हणाला, “वाक्य चांगलं आहे. वापरून बघू.”

दुसऱ्या दिवशी पेठ उघडत होती. तेवढ्यात वृद्ध व्यापारी गल्लीतून येताना दिसला. त्याच्या एका हातात उंदराचा पिंजरा होता. आत एक गलेलठ्ठ उंदीर. पिंजऱ्याला बैलाला बांधतात तसं दावं बांधलेलं. दुसऱ्या हातात हिरव्या गवताची पेंढी. लोक मागोमाग चालू लागले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं की काय, असं कोणीतरी पुटपुटलंही.

शिष्याच्या दुकानापुढे येऊन त्याने रामराम घातला आणि अदबीने म्हणाला, “शेटजी, तुमचं जनावर आक्कांच्या मागात सापडलं. सांभाळून बांधून घ्या. दावं आणि वैरण मी आणली आहे.”

शिष्य लाजेने लाल झाला. “बाबा, चेष्टा करता? हा माझा कशावरून?”

“बरोबर आहे. वाद आहे खरा,” वृद्ध म्हणाला. “मग गावाकडे जनावराचा वाद कसा मिटवतात? मोकळं सोडतात. ज्याच्या गोठ्यात शिरेल, त्याचं. आक्कांच्या घरात गेला तर त्यांचा, माझ्या दुकानात आला तर माझा. कबूल?”

सगळी पेठ बघत होती. शिष्याला कबूल करावं लागलं.

सगळ्यांना मागच्या गल्लीत नेऊन, दोन्ही घरांसमोर मध्यावर पिंजरा ठेवून वृद्धाने त्याचं दार वर केलं. उंदीर बाहेर आला आणि क्षणभर बावरून थांबला. तुळसाक्काच्या उघड्या दारात मांजर बसली होती. मग तो वळला, भिंतीच्या कडेकडेने पळाला आणि कुलूप लावलेल्या दाराच्या उंबऱ्याखाली दिसेनासा झाला.

गर्दीतला एक पानवाला शांतपणे म्हणाला, “मालकाने ओळख दिली नाही, पण जनावराने घर ओळखलं.”

शिष्याने कमरेची किल्ली काढली. दार उघडताच आतून उग्र दर्प आला. पोती खालून फाटलेली, सरकी जमिनीवर पसरलेली. तिच्यात गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्लं वळवळत होती. जमीन पोखरून पोकळ झाली होती आणि सगळ्या वाटा एकाच बाजूला, मागाच्या खड्ड्याकडे, जात होत्या.

“बाबा, मी यांना आणलं नाही,” शिष्य हळू आवाजात म्हणाला.

“नाही आणलंस,” वृद्ध म्हणाला. “पण दाणा तुझा, छप्पर तुझं. कुलूप तू चोरासाठी लावलंस आणि अडली ती मांजर. घर घेताना ही भिंत तू आपल्या मापात धरून घेतलीस. उंदीर निघाले तेव्हा मात्र ते भिंतीपलीकडचे झाले. बाळा, मालकी म्हणजे नुसती किल्ली नव्हे. आपल्या छपराखाली जे वाढतं आणि शेजाऱ्याकडे जाऊन उपद्रव करतं, त्याचं उत्तरदायित्व आपलंच. उंदराला मालक नसतो, हे तुझं म्हणणं खरं. पण बिळाला असतो.”

शिष्याने पोती बाहेर काढली. घर मोकळं केलं, बिळांत काचा आणि चुना ठासून वर फरशी बसवली. भिंतीपलीकडचा खड्डाही आतून दगडांनी बांधून दिला. तुटलेला ताणा सांधायला तुळसाक्का बसली तेव्हा तोही समोर बसला, एकेक टोक चिमटीत धरून.

“शेटजी, जरा ताठ धरा,” ती म्हणाली. “भाडं सांगताना धरता तसं.”

तो हसला. ताठ धरलं. एकेका धाग्याला गाठ बसताना पाहून, एका रात्रीत किती श्रम कुरतडले जात होते, हे त्याला कोणी सांगायची गरज उरली नाही. संध्याकाळी माग पुन्हा खट-खट बोलू लागला. तो आवाज त्याला सौदा जिंकल्यापेक्षा गोड वाटला.

पुढे घर बघायला एक बिऱ्हाडकरू आला. शिष्याने किल्ली पुढे केली आणि म्हणाला, “आत जाण्याआधी शेजारच्या आक्कांना विचारा घर कसं आहे ते. त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.”

तेव्हा मंडळी, आपल्या घरातून काय काय शेजारी जातं, तेही आपल्याच नावावर मांडत चला. एवढा हिशेब प्रामाणिकपणे ठेवा, ही विनंती.