उभी बाटली

"मग फिलूची ती बाटली कधी उघडायची, फादर?" जेरोमने विचारलं.

फादर लिगोरांनी सुरी उचलली. पानातल्या स्टेकचा तुकडा कापत राहिले. सुरी बोथट होती.

ते पूर्वी डोंगरातल्या एका मठाचा द्राक्षमळा सांभाळत. जेरोमला वाइन चाखायला त्यांनीच शिकवलं. पुढे जेरोमचं नाव झालं. मोठमोठ्या वाइनऱ्यांचे लोक त्याच्या जिभेवर विसंबू लागले. फादर मात्र म्हातारे झाले आणि वसईला परतले.

रविवारची दुपार होती. जेरोमच्या परसात, चिंचेखाली टेबल मांडलं होतं. रेमी आणि भास्कर हे त्याचे शाळेपासूनचे मित्र. बायको, फिलोमेना, गेल्यापासून या टेबलाशी कुणी बसलं नव्हतं.

"आधी बाकीच्या संपवू," रेमी म्हणाला. "फिलूची शेवटी."

बाकीच्या म्हणजे जेरोमने जिन्याखालच्या थंड खोलीत वर्षानुवर्षं जपलेल्या लाल वाइन. त्याने एक ओतली. ग्लास तिरपा धरला, हुंगला.

"जुनं कातडं. वाळलेलं अंजीर. मागून थोडा तंबाखू."

"मला आमच्या बापूंच्या वहाणांचा वास येतोय," भास्कर म्हणाला.

"तेच म्हणतोय तो," रेमी म्हणाला.

सगळे हसले. जेरोमही हसला, पण थोडासाच.

भास्करनेही एक बाटली आणली होती. जावयाने दिलेली. लेबल कोवळ्या उन्हासारखं फिकं पडलं होतं.

"कुठे ठेवली होतीस?" जेरोमने विचारलं.

"शोकेसमध्ये. टीव्हीच्या बाजूला. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला नको?"

"उभी?"

"मग काय लोळत ठेवू?"

"लोळतच ठेवायची असते, गाढवा. वाइन बुचाला लागून राहिली पाहिजे. बूच कोरडं पडलं की आकसतं, मग हवा आत शिरते. ही केव्हाच मेली." त्याने बाटली उघडलीही नाही. बाजूला सारली. "फादरांनी पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट आहे ही."

फादरांनी तुकडा चावला. मान हलवली.

"मांस चांगलं भाजलंयस," ते म्हणाले.

मग जेरोम आत गेला आणि ती बाटली घेऊन आला. दोन्ही हातांनी धरून, छातीशी.

ती वाइन विकायला केलेली नव्हती. एका हंगामात तो आणि फिलोमेना एका ओळखीच्या मळ्यातून द्राक्षं तोडून घेऊन आले होते. तिने ती याच परसात, साडी खोचून, पायांनी तुडवली. घोट्यांपर्यंत लाल पाय घेऊन घरभर हिंडली. म्हातारे झालो की उघडू, असं म्हणाली. दुसऱ्या वर्षी अंथरुणाला खिळली.

"तो हंगाम आहे यात," जेरोम म्हणाला. "ती धडधाकट होती तो. मला एकदा चाखायचाय... तेवढंच. ही संपली की हे ग्लास रेमीने न्यावेत. मला नकोत मग."

रेमीने ग्लासाकडे पाहिलं नाही.

फादरांनी बाटली हातात घेतली. तिच्या खांद्यावर मेणाचे थेंब वाळले होते. त्यांनी एक थेंब नखाने खरवडला.

"कुठे ठेवली होतीस?"

"फिलूच्या फोटोजवळ. मेणबत्ती लावतो तिथे."

"उभी?"

चिंचेचा पाला टेबलावर पडत होता. भास्करने आपली बाटली हळूच पायाशी ठेवली.

"तुला ठाऊक होतं," फादर म्हणाले.

"होतं."

"मग?"

"एकदा आडवी केली होती, फादर." जेरोम थांबला. "आडवी... फिलूला खूप पाहिलं होतं मी तसं. परत उभी करून ठेवली."

 फादरांनी बूच काढायचा स्क्रू त्याच्यापुढे सरकवला.

बूच निघताना मधेच तुटलं. उरलेलं भुगा होऊन आत पडलं. वास आला तो ओतायच्याही आधी. रेमीने मान वळवली.

तरी जेरोमने ओतली. हुंगली नाही, ग्लास फिरवला नाही. सरळ तोंडाला लावली. त्याचा चेहरा आक्रसला. वाइनचा शिरका झाला होता, व्हिनेगर. नुसता आंबट, जहाल.

"तुम्ही बघा, फादर." त्याने ग्लास पुढे केला. "तुमची जीभ माझ्याहून जुनी आहे. काहीतरी असेल आत... थोडंसं."

फादरांनी घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला. डोळ्यांत पाणी आलं, तसा गिळला.

"काय लागलं?"

"कच्चं मांस उरलंय का?" फादरांनी विचारलं.

"आहे. पण..."

"लसूण?"

"फादर, मी काय विचारतोय?"

फादर उठले होते. काठी टेकत स्वयंपाकघरात गेले. त्यांना फडताळ ठाऊक होतं. फिलोमेनाचं मातीचं भांडं त्यांनी खाली काढलं आणि धुळीवर फुंकर मारली. मांस घातलं. लसूण ठेचायला भास्करला बसवलं, मिरच्या भिजवायला रेमीला. त्या आंबटसर वासाने घर कित्येक वर्षांनंतर पुन्हा स्वयंपाकाचं वाटू लागलं.

"विंदालू?" रेमी कुजबुजला. "यातून?"

"फिलूचा कशातून व्हायचा? शिरक्यातच मुरवायची ना मांस?" फादर म्हणाले.

जेरोम दारात उभा होता. बाटली छातीशीच होती. फादरांनी भांडं त्याच्यासमोर सरकवलं.

"तू ओत."

"थोडी ठेवू का? तळाशी... फोटोजवळ ठेवायला."

 फादर नुसतं भांडं धरून राहिले. 

जेरोमने ओतली. शेवटी बाटली उलटी धरली. थेंब पडायचा थांबला तरी धरूनच राहिला.

मग भांड्याकडे बघून म्हणाला, "आता शिजवायचं?"

"आज नाही. रात्रभर मुरू दे." फादरांनी झाकण ठेवलं. "उद्या जेवायला कुणाकुणाला बोलावतोस?"