सातवे यंत्र

एकदा एका व्यापाऱ्याने टेकडीवरच्या ग्रंथालयाला वायफाय बसवून दिले. वर मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे तिथे राहून अभ्यास करणाऱ्यांची मोठीच सोय झाली. ग्रंथालय एक वृद्ध आचार्य चालवीत. त्यांची शिष्या शर्वाणी कामात अतिशय नेमकी होती, आणि त्या नेमकेपणाचा तिला थोडा अभिमानही होता.

महिन्याभरात वेग मंदावला. व्यापारी म्हणाला, “कोण किती वापरतं ते मला कळलं पाहिजे.” शर्वाणीने आठवडाभर प्रत्येक यंत्राचा वापर नोंदवला. एकतीस यंत्रांमध्ये सातवे यंत्र इतरांच्या दसपट डेटा ओढत होते.

“कुणाचं आहे?”

“नावं नाहीत माझ्याकडे. पण आकडा स्पष्ट आहे.”

“मग आवर घाला त्याला.”

तिने सर्वांना एकसारखी वेगमर्यादा लावली. वाचक खूश झाले, आणि न्याय केल्याचे समाधान तिला लाभले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आचार्य तिच्या टेबलाशी आले. एक शब्द न बोलता त्यांनी राउटरची वायर उपटली आणि ती पेटी मांडीवर घेऊन दालनाच्या मधोमध जमिनीवर बसले. वाचक गोळा झाले, कुजबुज वाढली. शर्वाणीला काही समजेना. व्यापारी त्याच दिवशी पाहणीला आला होता. तो तर संतापलाच.

“सगळ्यांना असं वेठीला धरता?”

“तुम्ही सगळ्यांसाठी एकीचं तोंड बांधलंत,” आचार्य शांतपणे म्हणाले, “तेव्हा कुणालाच वेठ वाटली नाही. सातवं यंत्र आपल्या सगुणाचं आहे.”

सगुणा व्हरांड्यात बसून ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकांची बांधणी करी. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हते. तिची लेकही तशीच, शहरातल्या निवासी शाळेत शिकत होती. दोघी रोज व्हिडिओ कॉलवर हातांच्या खुणांनी बोलत.

“शर्वाणी, तुझा-माझा आवाज थोडक्या वेगातही पोचतो. त्या मायलेकी डोळ्यांनी ऐकतात. बोट न् बोट दिसलं तरच शब्द कळतो. तीन दिवस मी पाहतोय, लेकीचा हात पडद्यावर अर्ध्यात गोठतो आणि सगुणा तशीच बघत बसते. तू सगळ्यांना सारखं दिलंस. इतरांचं बोलणं पुरं झालं, तिचं तुटलं. किती वापरलं हे तू मोजलंस. कशासाठी, हे विचारायला व्हरांड्यापर्यंत तरी जायचं होतंस.”

शर्वाणीची मान खाली गेली.

व्यापारी जरा नरमला. “ठीक आहे, त्या बाईंना सूट देऊ. पण सगळ्यांची नावं यादीत लावा. कोण काय पाहतं, सूट कुणाला द्यायची, ते मी ठरवीन.”

शर्वाणीने आचार्यांकडे पाहिले. मग तिने त्यांच्या मांडीवरची पेटी उचलून पुन्हा जोडली, संगणक पुढे ओढला, मर्यादा काढली आणि व्यापाऱ्यादेखत आठवडाभराची यादी पुसून टाकली.

“हे काय केलंत?”

“चूक माझी होती, मी निस्तरली. प्रत्येकानं तुमच्यापुढे उभं राहून आपलं घरचं कारण सांगायचं? नाही सांगणार. वेग कमी पडला तर आम्ही आपसात बोलून वेळा वाटून घेऊ.”

“मग हे वायफायच काढून नेतो!”

“न्या,” शर्वाणी म्हणाली. शब्द तिने मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याची माणसे आली आणि सगळे काढून घेऊन गेली. काही वाचक तिच्यावर रुसले, दोघे तर ग्रंथालय सोडून गेले. तिने कुणाची मनधरणी केली नाही.

त्या दिवसापासून रोज दुपारी ती सगुणासोबत टेकडी उतरू लागली. पायथ्याशी रेंज होती. बोलायला सगुणाला दोन्ही हात मोकळे लागत, म्हणून फोन शर्वाणी धरी. त्यांच्या खुणा तिला कळत नव्हत्या, आणि कळाव्यात असा आग्रहही तिने धरला नाही. हात भरून येई, तरी मायलेकींचे बोलणे संपेपर्यंत ती तो जरासुद्धा हलू देत नसे.